ओट्यावरचा एक दगड

लहानपणापासून मला पसारा बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी गेले तरी वाकडी चटई सरळ केल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. आई म्हणायची, "तुझ्या हातांना जरा गप्प बसायला शिकव, नाहीतर एक दिवस नको तिथं जातील." आणि गेलेच. ठाण्याच्या वरच्या जंगलात, वाघदेवाच्या ओट्यावरून मी एक दगड उचलला. तो माझा नव्हता. घडलं ते एवढंच. पण अजूनही रिकामा ओटा, रिकामं टेबल, रिकामी खिडकी दिसली की मी तिथं काहीतरी ठेवून टाकते.

तेव्हा मी डोंबिवलीत एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. वय सव्वीस, लग्न झालेलं नाही, राग नाकावर. गल्लीतल्या बायका मला टरकून असायच्या आणि मला त्याचं बरंही वाटायचं. रविवारी मात्र मी घरात सापडत नसे. आम्ही सात जण होतो. चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर आमचे म्होरके. पोस्टात कारकून असलेले एक गृहस्थ, ज्यांना चेष्टा केल्याशिवाय भाकरी पचत नसे. कल्याणचं एक जोडपं, त्यांचे दोन शेजारी आणि मी. सकाळी गाडीनं ठाण्याला उतरायचं, गाव मागं टाकायचं, भातखाचरांच्या बांधावरून पायथ्याच्या तलावाशी यायचं आणि येऊरच्या वाटेनं वर चढायचं. वर गेलं की पार पलीकडच्या तळ्यांपर्यंत जंगलच जंगल. ऐन, साग, कुडा, हेद, आणि पावसाळ्यानंतर माणूसभर गवत.

ते दिवस हौसेचे होते. सुट्टीच्या दिवशी माणसं डबे घेऊन जंगलात यायला लागली होती. पुऱ्या, बटाट्याची भाजी, ग्रामोफोनसुद्धा. खाऊन झालं की पत्रावळी तिथंच आणि तीन दगडांची चूल धुमसत तशीच. दर माघात कुठंतरी वणवा लागायचा. मास्तरांचं म्हणणं असं, की जंगलात येऊन नुसती मजा करायची हे काही खरं नाही. म्हणून त्यांनी जंगलखात्याच्या साहेबाकडे जाऊन आमच्यासाठी काम मागून आणलं. थंडी सरताना आम्ही जाळपट्टी झाडायचो. जाळपट्टी म्हणजे जंगलातून काढलेला दहा-बारा हात रुंदीचा मोकळा पट्टा. त्यावरचं गवत आणि पाचोळा झाडून टाकायचा, म्हणजे आग एका बाजूची दुसरीकडं जात नाही. मला तर हे काम देवानंच नेमून दिल्यासारखं होतं. अख्खं जंगल झाडायला मिळालं असतं तरी मी खुशीनं झाडलं असतं.

जंगलात शिरायच्या तोंडाशी खात्याची चौकी होती, म्हणजे एक झोपडीच. तिथं एक म्हातारा वारली राखणदार होता. अंगात खात्याचा खाकी कोट, त्यावर पितळी बिल्ला, खाली लंगोटी. चौकीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायला वही होती, पण त्याला लिहिता येत नव्हतं. त्याची वही म्हणजे वाघदेवाचा ओटा. शेंदूर फासलेल्या लाकडी फळीवर वाघ कोरलेला, आणि फळीपुढं मातीचा बैठा ओटा. आत जाणाऱ्यानं खालच्या ओहोळातून एक दगड उचलून आणायचा आणि ओट्यावर ठेवायचा. परत येताना आपला दगड आपण उचलायचा आणि पुन्हा ओहोळात टाकायचा. पाड्यातल्या लाकडं गोळा करणाऱ्या बायकांपासून ग्रामोफोनवाल्या शेटपर्यंत सगळ्यांना हाच नियम. दिवस मावळला की म्हातारा ओट्याकडं बघायचा. ओट्यावर जितके दगड, तितकी माणसं अजून आत. मग तो काठी घेऊन निघायचा. दोन्ही हात तोंडाशी धरून लांबट हाक द्यायचा, थांबून ऐकायचा, पुन्हा हाक द्यायचा. दगडाचं माणूस बाहेर येईपर्यंत तो भाकरीला हात लावत नसे.

एकदा आमच्या पोस्टातल्या गृहस्थांनी गंमत म्हणून दोन दगड ठेवले. "एक माझा, एक बायकोचा. ती येत नाही, निदान तिचा दगड तरी हवा खाईल." आम्ही हसलो आणि तो जास्तीचा दगड उचलायचं विसरून घरी गेलो. पुढच्या रविवारी कळलं, की म्हातारा उपाशीपोटी डोंगरभर फिरला होता. मी पोस्टातल्या गृहस्थांना सगळ्यांसमोर असं फैलावर घेतलं, की ते परत जाईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढीनात.

म्हाताऱ्याची बायको चौकीच्या दारात बसलेली असायची. आम्ही उतरायला लागलो की उठून उभी राहायची आणि आमच्यातल्या बायकांचे चेहरे एकेक करून बघायची. मला वाटायचं, शहरातल्या बायका बघायची हौस असेल. एकदा तिनं माझी वेणी हातात घेऊन पाहिली आणि सोडून दिली. मला ते आवडलं नव्हतं.

तो रविवार माघातला. दोन दिवसांपासून पलीकडच्या उतारावर धूर दिसत होता, म्हणून खात्यानं बाहेरच्यांना आणि लाकडं आणणाऱ्यांना जंगल बंद केलं होतं. पाड्यातली माणसं वरच्या वाटेनं परस्पर आगीकडं गेली होती. आमच्या वाटेनं आत गेलो ते आम्हीच सात. दिवसभर आम्ही जाळपट्टी झाडली. हातांना फोड आले, नाकात धूर गेला आणि पट्टी सरळ धरायची की उताराच्या कलानं यावरून माझं आणि मास्तरांचं वाजलं. निघायला उशीर झाला. गाडी चुकेल म्हणून सगळे धावतच खाली आले, आपापला दगड उचलून पुढं झाले. मी सगळ्यांत मागं होते.

मी माझा दगड उचलला, तर ओट्यावर एक राहिला. एरवी आम्ही निघायचो तेव्हा पाड्यातल्या बायकांचे आठ-दहा दगड असायचेच, त्यामुळं राहिलेल्या दगडांकडं मी कधी बघितलंच नव्हतं, आणि त्या सकाळी दगड ठेवताना माझं लक्ष धुराकडं होतं. आज मात्र तो एकटाच होता. म्हातारा आगीकडं गेलेला. म्हातारी दारात नव्हती. मी पुढं जाणारी डोकी मोजली. सहा, आणि मी सातवी. माझ्या मनात पहिलं नाव आलं ते पोस्टातल्या गृहस्थांचं. पुन्हा चेष्टा! दिवसभर आगीशी झटून आलेला तो म्हातारा आता यांच्या बायकोला शोधत रानभर फिरणार! मी रागारागानं तो दगड उचलला. ओहोळापर्यंत उतरायला वेळ नव्हता, म्हणून माझा दगड झुडपात फेकला आणि तो दुसरा पिशवीत टाकला, उद्या पोस्टात जाऊन त्यांच्या टेबलावर आपटायला. ओटा स्वच्छ दिसला. मला बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मला खरंच फार बरं वाटलं होतं.

घरी येऊन बघते तर गाडीत तपासायला म्हणून पिशवीत घेतलेल्या मुलांच्या वह्यांना तेलाचे डाग पडलेले. दगड काळा होता, मुठीएवढा, आणि तेलानं तुकतुकीत. मी वह्यांवर राख टाकून डाग काढत बसले आणि त्याबद्दलही मनातल्या मनात त्या गृहस्थांना शिव्या घातल्या.

सोमवारी शाळा सुटल्यावर पोस्टात गेले आणि दगड त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी दगडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"बाई, हा माझा नाही."

"मग काय वाघदेवाचा आहे?"

"मुलाबाळांची शपथ. त्या दिवसानंतर मी एकाचे दोन कधी ठेवले नाहीत. काल तर मी आणि मास्तरांनी एकदमच दगड उचलले. विचारा त्यांना."

माणूस चेष्टेखोर, पण तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. आमच्या दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं. तो दगड आमच्या सातांतला नव्हता, तर आत अजून कुणीतरी होतं. जंगल बंद असताना शिरलेलं. आणि त्याला शोधायला कुणी निघणार नव्हतं, कारण ओटा मी साफ करून आले होते.

"आला असेल बाहेर," ते म्हणाले. "कुणी असतं तर बोभाटा झाला असता." मी दगड परत पिशवीत टाकला.

ते दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. वर्गात पाढे चालू असताना मला कुणीतरी पाय मोडून कुड्याच्या झाडाखाली पडलेलं दिसायचं. कधी पुरुष, कधी बाई. तोंड कधीच दिसायचं नाही. मुलांनी "बाई" म्हणून हाक मारली की मी दचकायचे. शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. बुधवारी अर्धी रजा टाकली आणि ठाण्याला गेले. तलावापर्यंत पोहोचले. वर डोंगरावर अजून धुराची एक रेघ होती. तिथं उभी राहून मी स्वतःला विचारलं, तीन दिवस झाले, आता वर जाऊन काय बघायचं आहे तुला? आणि मागं फिरले. मी घाबरले. एरवी सगळ्या गावाला धारेवर धरणारी बाई, एका डोंगराला घाबरून परत आली.

रविवारी कुणालाही न सांगता पहिल्या गाडीनं निघाले. चौकीवर म्हातारा नव्हता. एक तरुण गार्ड होता, इस्त्रीचा खाकी घातलेला, कंटाळलेला. मी विचारलं, "मागच्या रविवारी आत कुणी राहिलं होतं का हो?"

"नाही बाई. कुणी हरवल्याची तक्रार नाही. आग विझल्यावर आम्ही सगळा उतार पालथा घातला. माणूस काय, माणसाची चप्पलही नव्हती."

सात दिवसांत पहिल्यांदा मी मोकळा श्वास घेतला. गार्ड मात्र थांबला नाही. त्याला बोलायला कुणीतरी हवंच होतं.

"पण आमच्या म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्याची पोरगी करवंदांना म्हणून रानात गेली. सोळा-सतरा वर्षांची असेल. आलीच नाही. वाघानं नेली म्हणा, दरीत पडली म्हणा. तिचा दगड तेवढा ओट्यावर राहिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सगळे बाहेर पडले की हा तिला हाका मारत फिरतो आणि मगच भाकरी खातो. म्हातारी दर रविवारी त्या दगडाला तेल लावते, पोरीच्या डोक्याला लावायची तसं. आता मागच्या रविवारी आगीवरून परत आला, तर ओट्यावर दगड नाही. झालं! धावत पाड्यात गेला. नाचत होता बाई. पोर आली, पोर आली, दगड घेऊन गेली!"

माझी पिशवी खांद्याला होती. तेलाचा तो दगड तिच्यातच होता.

"मग?"

"मग काय? पोर घरी तर आली नाही. मग याचं म्हणणं, रानातून निघाली म्हणजे शहरात गेली. चार दिवस वाट पाहिली, आता शुक्रवारपासून रोज ठाण्याला जातो. स्टेशनावर उभा असतो म्हणतात. साहेब त्याला काढून टाकणार आता."

मी झोपडीच्या दाराशी गेले. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं, सुकून गेलेलं. जमीन शेणानं ताजी सारवलेली. म्हातारी आत बसली होती. तिच्यापुढं लाकडी फणी, तेलाची वाटी आणि कागदात बांधलेल्या काचेच्या बांगड्या.

"ये बाय," ती म्हणाली. "आमची पोर आली. बाप आणाया गेलाय. तुज्याएवढीच असंल आता." तिनं बांगड्यांचा कागद उलगडून माझ्या मनगटाशी धरला. "व्हतील का गो तिला?"

मी मान हलवली. होतील, अशी. त्यापेक्षा मोठं पाप मी आयुष्यात दुसरं केलं नाही, दगड उचलला तेसुद्धा नाही. मी खाली धावत सुटले.

तो ठाण्याला, स्टेशनाबाहेर टांगे उभे राहतात तिथं होता. अंगात तोच खाकी कोट, पण बिल्ला नव्हता. गाडी आली, बायका बाहेर पडायला लागल्या. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि डोंगरात द्यायचा तीच लांबट हाक दिली. मग कान देऊन ऐकलं. टांगेवाले हसले. एकानं तशीच हाक मारून दाखवली, तर म्हातारा गर्रकन तिकडं वळला आणि चेहऱ्यावर असा आनंद, की तो टांगेवालाही ओशाळला. एरवी मी त्या टांगेवाल्याची चांगली खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी मला तेवढा अधिकार नव्हता.

खरं सांगितलं तर त्याची पोर पुन्हा रानात जाणार होती आणि तिला तिथं पाठवणारी मी. न सांगितलं तर तो इथं उभ्या उभ्या मरणार होता. मी त्याला झाडाच्या पारावर बसवलं, पाणी आणून दिलं आणि पिशवीतून दगड काढून त्याच्या हातात ठेवला.

"बाबा, हा मी उचलला. त्या रविवारी. आमच्यातल्याच कुणाचा राहिला असं वाटलं मला. तुम्हाला उगाच फिरायला लागू नये म्हणून उचलला."

त्यानं दगड नाकाशी नेला. तेलाचा वास घेतला. मग तो मुठीत घट्ट धरला. त्यानं मला मारावं असं मला वाटत होतं, खरंच.

"म्हंजे ती भायेर नाय आली," तो शेवटी म्हणाला.

"नाही बाबा."

त्यानं मोठा श्वास सोडला. मग माझ्याकडं बघून मान डोलावली, मी काही चांगलं केल्यासारखी. "बरा झाला सांगितलास बाय. मी भ्यालो व्हतो. हितं येवढी मानसं. हितं पोर कशी गावंल? रान मना ठावं हाय. रानात हाय ती तर बरा हाय."

एवढं बोलून तो उठला आणि डोंगराच्या दिशेनं चालायला लागला. मीही मागोमाग गेले. तलावाशी ऊन उतरलं होतं. पलीकडच्या उतारावरचा धूर गेला होता आणि जळलेला पट्टा काळा दिसत होता. आमच्या जाळपट्टीपाशी आग थांबली होती. एरवी मला त्याचा केवढा अभिमान वाटला असता.

म्हातारी दारात उभी होती. तिनं आधी नवऱ्याच्या मागं बघितलं, माझ्या मागं बघितलं, मग त्याच्या मुठीकडं. त्यानं मूठ उघडली. तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं दगड घेतला, आत जाऊन वाटीतलं तेल आणलं आणि दारात बसून अंगठ्यानं त्याला चोळायला लागली, सावकाश, सगळीकडून. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. सुकलेलं तोरण नंतर तिनंच ओढून काढलं आणि चुलीत घातलं.

म्हाताऱ्यानं दगड ओट्यावर ठेवला. मी ओहोळातून माझा एक आणून त्याच्या शेजारी ठेवला, कारण मी त्याच्याबरोबर आत जाणार होते. दिवस मावळायच्या आत आम्ही कड्याच्या वळणापर्यंत गेलो. त्यानं हाक दिली, थांबला. मग मीही दिली. माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा, पण तिथं तो झाडांत शिरला आणि तिथंच राहिला. आम्ही ऐकत उभे होतो. एका क्षणी मला वाटलं की खालून कुणीतरी ओ दिली. मी म्हाताऱ्याकडं पाहिलं. तो नुसता हसला. त्याला ती ओ रोज ऐकू येत असावी.

परत आलो तेव्हा म्हातारी ओट्याशीच बसली होती. मी माझा दगड उचलला. दुसरा ओट्याच्या अगदी कडेला, वाकडा राहिला होता. पडेल म्हणून, किंवा नुसतीच सवय म्हणून, माझा हात त्याला सरळ करायला पुढं झाला. म्हातारीनं माझं मनगट धरलं. तिचा अंगठा अजून तेलकट होता.

"असू दे बाय," ती म्हणाली. "तिचा तिला घेऊ दे."

मी हात मागं घेतला.